जुन्या घरांतील भिंतींची ओल

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आषाढाची झड लागली म्हणजे वडोदऱ्याच्या जुन्या वस्तीत, दांडिया बाजार, रावपुरा, सुलतानपुरा अशा भागांत, घरोघर एकच तक्रार ऐकू येते: भिंतीला ओल आली. माजघरातील कपाट भिंतीपासून पुढे ओढले जाते, देव्हाऱ्यामागे डाग उमटतात, गाद्यांना कुबट वास येऊ लागतो आणि दिवाळीत हौसेने दिलेला रंग श्रावण सरण्यापूर्वीच पोपडे धरून गळू लागतो. पुढच्या दिवाळीस पुन्हा रंग, पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. हा क्रम काही वर्षे चालतो आणि अखेरीस घरची मंडळी कंटाळून म्हणतात, ‘‘घर जुने झाले. आता त्यात राम उरला नाही.’’

श्रोतेहो, या समजुतीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ओल हे जुनेपणाचे अटळ फळ नाही. भिंतीत दिसणारे पाणी कोठून तरी आलेले असते. ते कोठून आले याचा शोध घेऊन त्याची वाट बंद केली, तर शंभर वर्षांची भिंतही कोरडी होऊ शकते. वाट न शोधता वरून लेप चढवीत राहिल्यास मात्र पैसा जातो आणि बहुधा भिंतीचे अधिकच नुकसान होते. वैद्य ज्याप्रमाणे आधी निदान करतो आणि मग औषध देतो, त्याच क्रमाने भिंतीकडे पाहावयास हवे.

प्रथम ही घरे कशाची आहेत ते पाहू. वडोदरा हे गाळाच्या सपाट भूमीवर वसलेले शहर. दगडापेक्षा मातीच येथे मुबलक. म्हणून गायकवाडांच्या राज्यात दक्षिणेतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची घरे मुख्यतः वीट, चुना आणि सागवान यांची झाली. भिंती दीड-दोन विटांच्या जाडीच्या, त्यांत खांब आणि तुळया अडकविलेल्या, आणि आतबाहेर चुन्याचा गिलावा.

भाजलेली वीट ही डोळ्यांना भरीव दिसली तरी असंख्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेली असते. सामान्य प्रतीची वीट चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवली, तर तिने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी शोषू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. म्हणजे तीन किलो वजनाची, परीक्षेत उतरलेली वीटही अर्धा लिटरहून अधिक पाणी पोटात साठवू शकते. अठरा इंच जाडीची भिंत घेतली, तर तिच्या एक चौरस मीटर भागाचे वजन सुमारे ८०० किलो भरते. तिच्यात दहा टक्के जरी पाणी मुरले, तरी तेवढ्याशा तुकड्यात ८० लिटर, म्हणजे पाच-सहा बादल्या पाणी भरलेले असते. रंगाच्या पातळ थराने हे पाणी अडेल अशी आशा बाळगणे व्यर्थ आहे, हे या हिशेबावरून ध्यानी यावे.

मग इतकी वर्षे या भिंती टिकल्या कशा? याचे उत्तर चुन्यात आहे. चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात विझवून, वाळू किंवा विटांची सुरखी मिसळून आणि घाणीत मळून तयार केलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होतो. पण कठीण झाल्यावरही त्याची छिद्रे मोकळी राहतात. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि कार्तिकापासून वैशाखापर्यंत ते पाणी वाफेच्या रूपाने हवेला परत करते. जुन्या गवंड्यांना भिंत पाण्यापासून पूर्णपणे तोडता येत नव्हती. तिने घेतलेले पाणी तिला परत टाकता यावे, एवढी तजवीज त्यांनी केली होती.

आता पाण्याच्या वाटा पाहू. त्या पाच आहेत आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे.

पहिली वाट वरची. कौल सरकणे, गच्चीच्या कोब्याला तडा जाणे, पन्हळ पाचोळ्याने तुंबणे किंवा तिचा सांधा निखळणे. या ओलीचा डाग छताजवळ सुरू होऊन खाली उतरतो, पाऊस पडताच गडद होतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की फिकट होतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर अडीच हजार लिटर पाणी खाली येते. पन्हळीचा एकच सांधा निखळला, तर त्यातील मोठा भाग रोज एकाच जागी भिंतीवर ओतला जातो.

दुसरी वाट बाजूची. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या झडीचे तोंड ज्या भिंतीकडे असते, त्या भिंतीच्या दरजा उघड्या पडल्या असतील, अथवा खिडकीवरची छपरी मोडली असेल, तर पाणी आडवे आत शिरते. ही ओल बहुधा दक्षिणेच्या व पश्चिमेच्या भिंतींवर, ठिकठिकाणी डागाडागांनी दिसते.

तिसरी वाट खालची. जमिनीतील पाणी विटांच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, वर चढते. साधारणतः ते मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि तेथे मळकट, वेडीवाकडी अशी आडवी रेघ सोडते. ही ओल पावसाळा संपल्यावरही जात नाही. हल्लीच्या बांधकामात जोत्यावर ओल अडविणारा थर घालतात. जुन्या घरांत तो बहुधा नसतो. तरीही पूर्वी ही ओल फारशी चढत नसे, कारण जोते रस्त्यापासून दोन-तीन फूट उंच असे. पुढे रस्त्यावर वेळोवेळी खडी-डांबराचे नवे थर चढत गेले, जुने थर कोणी काढले नाहीत आणि रस्ता वर येत राहिला. एके काळी तीन पायऱ्या चढून ज्या ओटल्यावर जावे लागे, तो आज काही ठिकाणी रस्त्याच्या बरोबरीला आला आहे. कोठे कोठे तर पायरी उतरून घरात जावे लागते. रस्त्याचे पाणी मग जोत्याऐवजी भिंतीलाच लागून उभे राहते.

चौथी वाट घरातलीच. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आजव्याच्या सरोवराचे पाणी नळांनी शहरात आले आणि पाणी विहिरीवरून थेट मोरीपर्यंत पोहोचले. ही मोठीच सोय झाली. पण त्या दिवसापासून पाण्याचा एक झरा भिंतीच्या आतही वाहू लागला. गंजलेली नळी, न्हाणीच्या फरशीतील भेग, फुटलेला सांडपाण्याचा पाइप, भिंतीलगतचा खाळकुवा, ही ओलीची फार मोठी उगमस्थाने आहेत. ही ओल ऋतू पाहत नाही. भर वैशाखात भिंत ओली दिसली, तर प्रथम नळाचा संशय घ्यावा. रात्री निजण्यापूर्वी सर्व तोट्या बंद करून गच्चीवरील टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाहावी. कोणी पाणी न वापरता पातळी उतरली असेल, तर पाणी कोठेतरी झिरपते आहे हे निश्चित.

पाचवी वाट हवेची. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवर घरातच वाळत घातलेले कपडे यांमुळे खोलीतील हवा दमट होते आणि थंड भिंतीवर तिचे दव साचते. कपाटामागे, कोपऱ्यांत, न उघडणाऱ्या खिडकीपाशी काळी बुरशी दिसते ती पुष्कळदा या दवामुळे. याची परीक्षा सोपी आहे. पोळ्या गुंडाळण्यासाठी वापरतात तो अॅल्युमिनियमचा कागद हातभर घेऊन त्याच्या चारही कडा भिंतीवर पट्टीने घट्ट चिकटवाव्यात आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. कागदाच्या खोलीकडील बाजूवर पाणी आले, तर ते हवेतले. भिंतीकडील बाजू ओली झाली, तर पाणी भिंतीतले.

या पाच वाटांपैकी एकाच भिंतीत दोन किंवा तीन वाटा एकत्र असू शकतात, हेही लक्षात ठेवावे. म्हणून पावसाळाभर एक वही ठेवावी. डागाच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहावी. पाऊस किती झाला, डाग वाढला की आटला, याची नोंद करावी. एका पावसाळ्याची अशी नोंद हाती असली, तर गवंड्याशी अथवा अभियंत्याशी बोलताना आपण अंधारात चाचपडत नाही.

पाण्याबरोबर आणखी एक शत्रू भिंतीत शिरतो, तो म्हणजे क्षार. आपण त्याला लोणा म्हणतो. आपले गुजराती शेजारी लूणो म्हणतात. जमिनीतील व सांडपाण्यातील क्षार पाण्याबरोबर विटेत येतात. पाणी वाफ होऊन निघून जाते आणि क्षार मागे राहून त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढताना आतून इतका जोर करतात की विटेचे पीठ होऊन गळू लागते. शिवाय यांतील काही क्षार हवेतील दमटपणा स्वतःकडे ओढतात. त्यामुळे पाण्याची वाट बंद केल्यावरही पुढील पावसाळ्यात जुना डाग पुन्हा ओलसर दिसतो आणि सारे काम फुकट गेले असे वाटते. तेथे धीर सोडू नये. लोणा पाण्याने कधी धुऊ नये. धुतल्याने तो विरघळून पुन्हा विटेत जातो. कोरड्या राठ कुंच्याने तो झाडावा, खाली पडलेली पूड लगेच गोळा करावी आणि घराबाहेर टाकावी. असे महिनोगणती करावे लागते.

आता सिमेंटच्या प्रश्नाकडे वळतो, कारण बहुतेक घरांचे नुकसान येथेच झाले आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अॅस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले. भारतात त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले ते १९१४ मध्ये, याच गुजरातेत, पोरबंदरला. म्हणजे त्यापूर्वीच्या आपल्या बहुतेक घरांनी सिमेंटचे तोंडही पाहिलेले नव्हते. सिमेंट ही उत्तम वस्तू आहे. काँक्रीटच्या इमारतीत तिच्याविना चालत नाही. परंतु मऊ विटेच्या आणि चुन्याच्या भिंतीवर ती अस्थानी पडते. तिचा थर कठीण आणि घट्ट असतो. त्यातून पाण्याला बाहेर पडणे अवघड जाते. पण खालून, वरून आणि भेगांतून आत येणे थांबत नाही. कोंडलेले पाणी मग वाट शोधीत वर चढते.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबात हेच घडले. ओल गुडघ्याएवढी होती, म्हणून कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला. तीन वर्षांनी ओल कंबरेच्या वर दिसू लागली, म्हणून छातीपर्यंत सिमेंट आले. त्यावर पाणी न शिरू देणारा म्हणून महाग रंग लागला. काही काळाने ओल तुळयांच्या तोंडाशी पोहोचली. शेवटी सारा गिलावा उतरविला, तेव्हा मागच्या विटा हाताने चुरडत होत्या आणि मूळ कारण निघाले ते भिंतीलगतच्या सांडपाण्याच्या नळीची एक फुटकी कोपरी. ती बदलण्यास एक दिवस पुरला. आधीची खटपट मात्र सात-आठ वर्षे चालली होती.

तेव्हा उपायांचा क्रम असा असावा. पहिले काम पाणी दूर करण्याचे. मृग नक्षत्रापूर्वी छपरावर चढून कौले, कोबा, पन्हळी पाहाव्यात. पन्हळीचे पाणी भिंतीच्या मुळाशी न सोडता लांब न्यावे. भिंतीलगत साचलेली माती, विटांचे ढिगारे, फुलझाडांच्या कुंड्या हलवाव्यात. आवार असल्यास जमिनीचा उतार भिंतीपासून दूर करावा आणि तेथील माती आतल्या फरशीपेक्षा निदान वीतभर खाली ठेवावी. रस्ताच वर आला असेल, तर भिंतीच्या कडेने पाणी वाहून नेणारी अरुंद नाली घ्यावी. रस्त्याचे नवे डांबर जुना थर खरवडल्यावरच पडावे, अशी मागणी गल्लीतील सर्वांनी मिळून नगरपालिकेकडे करावी. हे एकट्या घराचे काम नव्हे. फुटलेल्या नळ्या बदलाव्यात. मोरीत आणि स्वयंपाकघरात वाफ बाहेर जाण्यास झरोका किंवा पंखा असावा.

दुसरे काम भिंत वाळू देण्याचे, आणि येथेच आपला धीर सुटतो. भिंतीच्या जाडीच्या प्रत्येक इंचास सुमारे एक महिना, असा एक ठोकताळा इमारतीच्या शास्त्रात प्रचलित आहे. तळापासून भिजलेल्या अठरा इंची भिंतीला या हिशेबाने दीड वर्ष लागते. आपला कोरडा उन्हाळा थोडी मदत करील. परंतु पंधरा दिवसांत भिंत कोरडी करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ओल्या भागावरील सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत, विटांना इजा न करता, हलक्या हाताने उतरवावा. आतून विटा उघड्या ठेवाव्यात. बाहेरून झडीपासून रक्षण व्हावे म्हणून चुन्याचा पातळ थर द्यावा. घर काही महिने कुरूप दिसेल. पाहुण्यांच्या दृष्टीपेक्षा भिंतीचे आयुष्य मोलाचे मानावे.

तिसरे काम गिलाव्याचे. चुरडलेल्या विटा काढून त्याच प्रकारच्या विटा चुन्यात बसवाव्यात. चांगला विझवून मुरविलेला एक भाग चुना आणि सुमारे तीन भाग स्वच्छ वाळू व सुरखी, असे सर्वसाधारण प्रमाण धरावे. वाळू खाडीची किंवा खारी नसावी. थर पातळ, बोटभर जाडीचे द्यावेत आणि एक थर घट्ट झाल्यावरच दुसरा द्यावा. काम थंडीत करावे, म्हणजे चुना उन्हाने एकाएकी सुकून तडकत नाही. काही दिवस त्यावर ओले गोणपाट असावे. वरून चुन्याचीच सफेदी द्यावी, तेलकट रंग देऊ नये. कळीचा चुना विझविताना फार उष्णता निघते आणि तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका असतो. म्हणून मुलांना दूर ठेवावे. चुन्याचे काम जाणणारे कडिये आता कमी राहिले आहेत, पण ते संपलेले नाहीत. मळून तयार केलेला चुनाही विकत मिळू लागला आहे. भिंतीत छिद्रे पाडून ओलरोधक रसायन भरण्याची पद्धतही आहे. खालून चढणाऱ्या ओलीवर ती कधीकधी उपयोगी पडते. परंतु इतर चार वाटा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच तिचा विचार करावा.

चुन्याच्या साध्या गिलाव्यात काय सामर्थ्य असते, हे पाहावयास दूर जावे लागत नाही. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्या भिंतींवर रंगविलेली चित्रे आजही तेथे आहेत. चित्र जाते ते बहुधा त्याच्यामागचा गिलावा सुटल्यामुळे, आणि गिलावा सुटतो तो पाण्याने.

पुराविषयी दोन शब्द. ३१ जुलै २०१९ रोजी या शहरात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पुन्हा पात्राबाहेर आली. अशा वेळी तळमजल्याच्या भिंती अनेक तास पाण्यात उभ्या असतात. पूर ओसरल्यावर गाळ ताबडतोब काढावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, विजेची जोडणी जाणकाराने तपासल्यावाचून कळ दाबू नये आणि येणाऱ्या दिवाळीसाठी घाईने रंग देऊ नये. कोंडलेला पूर भिंतीत वर्षभर राहतो.

हे सारे केवळ दिसण्यापुरते नाही. दमट आणि बुरशी धरलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद आहे. ओल्या भिंतीवरील विजेची कळ प्राणावर बेतू शकते. आणि तुळईचे जे टोक भिंतीत गेलेले असते, ते सतत ओल्या विटांत राहिल्यास कुजते किंवा त्यास वाळवी लागते. बाहेरून तुळई धडधाकट दिसत असताना तिचा आधार आतून नाहीसा झालेला असतो. भिंतीला पोट सुटले असेल, नवी तिरपी भेग रुंदावत असेल, तुळई किंवा मजल्याची जमीन खाली झुकली असेल, तर घरगुती उपाय करीत बसू नये. तेथील वास्तव्य थांबवून तज्ज्ञ अभियंत्यास दाखवावे.

परंतु अशी अवस्था नसताना केवळ ओलीला कंटाळून घर मोडीत काढणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. मुले पुण्यास किंवा परदेशी असतात, घरात दोन वृद्ध माणसे असतात, आणि आषाढातील भिंत पाहून घर विकण्याचा निर्णय होतो. घर विकण्यास इतर शंभर कारणे असू शकतील. त्यांविषयी मी बोलत नाही. मात्र ज्या दुखण्याचे मूळ एखाद्या फुटक्या पन्हळीत किंवा नळीच्या कोपरीत आहे, त्यापायी तीन पिढ्यांची वास्तू जाऊ नये, इतकेच सांगणे आहे. निर्णय घेण्यापूर्वी भिंतीला एक पावसाळा नोंदीचा आणि एक उन्हाळा वाळण्याचा द्यावा. येत्या रविवारी घराभोवती एक फेरी मारून पन्हळीचे पाणी कोठे पडते, एवढे तरी पाहावे. कामाची सुरुवात तेथूनच होते.